हातांचे शहाणपण

प्राचीन हिब्रू धर्मकाव्याविषयी लिहिताना आपल्याकडे भर असतो तो भक्तीवर, पश्चात्तापावर आणि स्तुतीवर. त्या काव्यात लोकर, नांगर, भट्टी आणि माती आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. परिणामी, ज्ञान म्हणजे पोथी आणि श्रम म्हणजे पोट, ही आपली वाटणी आपण पवित्र शास्त्रावरही लादतो. हिब्रू कवींना ती मान्य होती काय? नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातील गृहिणीचे स्तवन आणि सिराखच्या ग्रंथातील ३८ व्या अध्यायाचा उत्तरार्ध या दोन कवितांच्या आधारे हा प्रश्न तपासण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम शब्द पाहू. आपण ज्याला 'ज्ञान' म्हणतो तो हिब्रू शब्द 'होखमा'. निर्गमाच्या ग्रंथात निवासमंडप उभारणाऱ्या बसालेलला देव होखमा देतो, ती सोने-रुपे घडविण्यासाठी, रत्ने जडविण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी. सूत कातणाऱ्या स्त्रियांचे अंतःकरणही तेथे ज्ञानी म्हटले आहे. १०७ व्या स्तोत्रात वादळात सापडलेल्या खलाशांची होखमा नाहीशी होते, तेव्हा हरवते ते नौका हाकण्याचे कसब. मराठीतही कौशल्याला 'हातोटी' म्हणतात, हे येथे आठवावे.

आता गृहिणीचे स्तवन. हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांनी अनुक्रमे आरंभ होणाऱ्या २२ ओव्यांची ही रचना आहे. नायिकेला लावलेले विशेषण 'हायिल' हे अन्यत्र शूर योद्ध्यांसाठी येते. आपल्या अनुवादातील 'सद्गुणी' हा शब्द त्यामानाने फारच सौम्य वाटतो. या स्त्रीच्या रूपाचे वर्णन कवी करीत नाही. तो वर्णन करतो तिच्या हातांचे. हात आणि तळहात या अर्थांचे शब्द कवितेत सात वेळा येतात. त्यांतही १९ व्या आणि २० व्या ओव्यांची योजना विलक्षण आहे. या ओव्या अनुक्रमे 'योद' आणि 'काफ' या अक्षरांच्या. त्या अक्षरांच्या नावांचे नाते हात आणि तळहात या शब्दांशीच आहे. पहिल्या ओवीत हात चरकी-चातीकडे जातात, दुसरीत तेच हात गरिबाकडे जातात. हात, तळहात, तळहात, हात असा क्रम कवीने साधला आहे. कष्ट आणि दानधर्म ही दोन कर्मे नव्हेत, एकाच हाताच्या त्या दोन हालचाली आहेत, हे त्याने उपदेशाचा एक शब्दही न उच्चारता सांगितले आहे.

ही कविता आपण मिस्सामध्ये ऐकतो. १९६९ साली जाहीर झालेल्या वाचनक्रमानुसार 'अ' वर्षाच्या सामान्य काळातील ३३ व्या रविवारी ती पहिले वाचन म्हणून येते. तथापि २२ ओव्यांपैकी केवळ ८ वाचल्या जातात. लोकर, चाती, दानधर्म आणि देवाचे भय उरते. ती पारखून शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, बाहू बळकट करते, वस्त्रे विणून व्यापाऱ्यांना विकते, हे सारे गळते. गळते ती २६ वी ओवीही, आणि या कवितेत 'होखमा' हा शब्द आहे तो नेमका तेथेच. वेळेची मर्यादा आम्ही जाणतो. परंतु ऐकणाऱ्या बाईपर्यंत घरात बसलेली गृहिणी पोहोचते, शेत घेणारी आणि शहाणपणाने बोलणारी स्त्री मात्र पोहोचत नाही, ही हानी लहान नव्हे.

दुसरा कवी मात्र वेगळी भूमिका घेतो. इ. स. पूर्व १८० च्या सुमारास यरुशलेमेत लिहिणारा बेन सिराख शास्त्र्याची बाजू मांडतो. ज्ञानाला फुरसत लागते; जो नांगर धरतो आणि बैलांविषयीच बोलतो तो ज्ञानी कसा होणार, असा त्याचा सवाल आहे. प्राचीन इजिप्तमधील एका प्रसिद्ध शिकवणीत बाप मुलाला लेखनिक होण्याचा सल्ला देताना साऱ्या धंद्यांची हेटाळणी करतो. बेन सिराखही त्याच वाटेने जाईल असे वाटते, पण तो जात नाही. नांगऱ्या, मुद्रा कोरणारा, लोहार, कुंभार यांच्यापाशी तो एकामागून एक थांबतो. आगीच्या धगीने झिजणारे लोहाराचे शरीर, कानांवर आदळणारा घणाचा आवाज, नमुन्यावर खिळलेली नजर त्याला दिसते. पायांनी चाक फिरविणारा आणि बाहूंनी माती वळविणारा कुंभार दिसतो. प्रत्येकाचे चित्त आपल्या कामात गुंतले आहे, हे तो पुन्हा पुन्हा नोंदवतो.

या ग्रंथाची हिब्रू हस्तलिखिते १८९६ पासून कैरोच्या सभास्थानातील जुन्या संग्रहातून उजेडात आली. पण लोहार-कुंभारांच्या ओव्या आजही कवीच्या नातवाने केलेल्या ग्रीक अनुवादातूनच वाचाव्या लागतात. त्या अनुवादात प्रत्येक कारागीर आपल्या कामात ज्ञानी आहे, त्यांच्यावाचून नगर वसत नाही, आणि त्यांचा धंदा हीच त्यांची प्रार्थना आहे, असा समारोप होतो. सभेतील आसन आणि न्यायासन मात्र कवी त्यांना देत नाही. येथे मत अडखळते आणि कविता जिंकते, असे आम्हांस वाटते. शास्त्री म्हणून त्याने जे नाकारले, ते कवीच्या डोळ्यांनी मान्य केले.

बेन सिराखच्या सवालाला उत्तर पुढे नासरेथच्या सभास्थानात मिळाले. मार्कच्या ६ व्या अध्यायात गावकरी विस्मयाने तीन गोष्टी एका दमात काढतात: याला लाभलेले ज्ञान, याच्या हातून घडणारी महत्कृत्ये, आणि याचा सुताराचा धंदा. या तिन्हींचा मेळ त्यांना बसेना, म्हणून ते अडखळले. आपल्या प्राचीन कवींच्या ओव्या त्यांनी नीट ऐकल्या असत्या, तर कदाचित तो बसला असता.