रेला, एकोपा आणि आराखड्यातलं एक वाक्य

गडचिरोलीतल्या माडिया गोंडांवर संशोधन करायचं ठरलं, की आराखड्यात एक वाक्य हमखास येतं: ‘रेला नृत्य हे समाजाच्या एकतेचे प्रतीक आहे.’ माझ्याही पहिल्या मसुद्यात ते होतं. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारलं, “हे तुला सापडलंय, की तू धरून चाललीयेस?”

वाक्य खोटं नाही. ‘रे रे ला’ या पालुपदावरून नाव मिळालेला हा नाच. हात एकमेकांत गुंफलेले, सगळ्यांचं पाऊल एक, एका गटाने ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने उचलायची. नाचणारेच गाणारे. हे पाहिल्यावर ‘एकता’ हा शब्द आपसूक सुचतो. त्याला सिद्धांताचा आधारही आहे. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी अंदमानच्या लोकांवरच्या १९२२च्या पुस्तकात हेच मांडलं: नाचताना व्यक्ती समूहाच्या स्वाधीन होते आणि समूहाची एकजूट तेव्हा सर्वांत प्रबळ असते.

अडचण इथेच आहे. १९२८ साली इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या आझांदे लोकांच्या नाचावर एक लेख लिहिला. गाणं कोण सुरू करतं, ढोल कोणाकडे, भांडणं कशावरून होतात, हे सगळं त्यांनी टिपलं. नाचात एकोपा असतो तशी चढाओढही असते, हे त्यातून दिसलं. माझ्या मते हा लेख आपल्या जास्त कामाचा आहे, कारण तो आपल्याला विशेषणं सोडून माणसं मोजायला लावतो.

आता तीच नजर रेलाकडे वळवा. अनेक माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईने कुर्माघरात राहायची रीत आहे. सणाची रात्र नेमकी त्याच दिवसांत आली, तर फेरात तिची जागा कुठे? तुम्ही ‘सारा गाव नाचतो’ असं लिहिता, तेव्हा ती तुमच्या ‘साऱ्या गावा’तून गळालेली असते. रीत गावाची असेल, पण तिला प्रबंधातून वगळणारे आपण असतो.

दुसरी गोष्ट मंचाची. संमेलनात रेला सादर होतो तेव्हा फेर उघडतो, तोंडं प्रेक्षकांकडे वळतात, रात्रभराचा नाच काही मिनिटांत आटपतो. तिथे दिसते ती गावाची एकजूट, की आयोजकांना हवी असलेली? मंचावरचं चित्रीकरण पाहून गावाबद्दल निष्कर्ष काढू नका.

म्हणून त्या वाक्याच्या जागी प्रश्न लिहा. फेरात कोण आहे? बाहेर कोण, आणि का? गाणं कोण उचलतं? कोणासाठी नाचतात? या उत्तरांनंतरही ‘एकता’ उरली, तर खुशाल लिहा. तेव्हा ती तुम्हाला सापडलेली असेल.

माझ्या आराखड्यात ते वाक्य अजून परत आलेलं नाही. कुर्माघरावरचं एक प्रकरण मात्र वाढलंय.