जिरुआर्ड यांचा वाडा आणि चरीचं शेत

वाड्यांवर, जुन्या घरांवर पीएचडी करायची असं डोक्यात असेल, तर गाईड बहुतेक वेळा एक पुस्तक हातात देतात: मार्क जिरुआर्ड यांचं 'लाइफ इन द इंग्लिश कंट्री हाउस' (1978). वाचाच. पण कुठे थांबायचं तेही ठरवून वाचा.

आधी त्याचं मोठेपण. जिरुआर्ड यांच्या आधीची अशी पुस्तकं खांब, कमानी आणि वास्तुविशारदांची नावं यातच रमायची. यांनी साधा प्रश्न विचारला: या खोलीत कोण बसायचं आणि कोणत्या दारानं यायचं? मध्ययुगात मालक आणि नोकर एकाच मोठ्या दालनात जेवत. 17व्या शतकात रॉजर प्रॅटनं बांधलेल्या कोल्सहिलमध्ये नोकरांचं दालन तळघरात गेलं आणि त्यांच्यासाठी मागचे जिने आले. म्हणजे नकाशा बघूनच माणसामाणसातलं अंतर मोजता येतं. ही पद्धत आपल्याकडेही चालते. ओटीवर कोण बसतं, अंगणातूनच कोण परत जातं, माजघरापर्यंत कुणाला मुभा आहे, हे कोकणातल्या कुठल्याही खोताच्या वाड्यात विचारून बघा. आमच्या हमरापुरात तर घराचा वापर डोळ्यांदेखत बदललाय. कित्येक घरांची पडवी आणि अंगण गणपतीच्या कारखान्याला गेलंय, मूर्ती सुकायला ठेवल्या की माणसांनी वाट काढत आत जायचं.

आता अडचण. कंट्री हाउस म्हणजे सत्तेचं केंद्र आणि त्या सत्तेचं इंधन म्हणजे जमीन, हे जिरुआर्ड सुरुवातीलाच सांगतात. नंतर मात्र ते घरात शिरतात आणि शेताकडे फारसे परतत नाहीत. जेवणाच्या वेळा कशा बदलल्या यावर पानंच्या पानं आहेत, खंड कोण भरत होतं यावर त्यामानानं फार थोडं. रेमंड विल्यम्स यांनी 'द कंट्री अँड द सिटी'मध्ये (1973, म्हणजे पाच वर्षं आधी!) नेमका हाच हिशेब मागितला होता: एवढं मोठं घर उभं राहायला किती जणांचे किती दिवस राबणं लागलं असेल?

ही नुसती तात्त्विक कुरबुर नाही. 2020 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टनं आपल्या 93 वास्तूंचे वसाहती आणि गुलामगिरीशी असलेले संबंध अहवालात मांडले. त्यात वेल्समधला पोविस किल्लाही आहे, जिथे टिपू सुलतानाच्या वस्तू क्लाइव्ह घराण्याकडून आल्या. अहवालावर गदारोळ झाला, धर्मादाय आयोगापर्यंत तक्रारी गेल्या. आयोगानं 2021 मध्ये ट्रस्टनं कायदा मोडलेला नाही असं सांगितलं. घराच्या भिंतीबाहेरचा इतिहास सांगितला की लोक एवढे का चिडतात, हा स्वतंत्र शोधनिबंधाचा विषय आहे. कुणीतरी घ्या.

तुम्ही रायगडात काम करणार असाल, तर हा बाहेरचा इतिहास फार लांब नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांनी 1933 मध्ये संप केला, तो 1939 पर्यंत चालला. पुढारी नारायण नागू पाटील. खोताची जमीन कसायची नाही, बस्स. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं, खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला मात्र 1949 उजाडलं. या काळातला खोताचा वाडा फक्त कोरीव तुळया मोजून कसा समजणार? ज्या धान्यावर तो उभा होता ते यायचंच थांबलं होतं!

म्हणून कागद दोन्हीकडचे हवेत. वाड्याचा नकाशा काढा, मोजमाप घ्या, पण त्याच आठवड्यात तलाठी कार्यालयात जाऊन जुने फेरफारही मागा. कबुलायती मिळतात का बघा, 1937 मध्ये सुरू झालेल्या 'कृषीवल'चे जुने अंक शोधा. पेणच्या खाडीपट्ट्यात आणखी एक गोष्ट आहे. इथली बरीच शेती बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली. ती राखायची तर बांधावर माणूस लागतो, दरवर्षी. वाड्यातल्या कुठल्याच खोलीत तो माणूस सापडत नाही, त्यामुळे जिरुआर्ड यांच्या पद्धतीनं तो निसटतो. मुलाखतींची यादी करताना मालकाच्या वारसांइतकीच नावं कुळांच्या घरातली असू द्या. आणि पहिली मुलाखत त्यांचीच घ्या. वारसांकडून सुरुवात केली की पुढचे सगळे प्रश्न नकळत ओटीवरूनच विचारले जातात.