दोन संज्ञांचे व्याकरण

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एका भागात जमातींच्या व दुसऱ्यात ‘षंढां’च्या नोंदवह्या घालून दिल्या. कृत्याऐवजी जन्म आणि वेष हाच अपराध ठरला. पारध्यांसारख्या आदिवासींवरही पुढे हाच शिक्का बसला. १९५२ साली कायदा गेला. परंतु त्यानंतर रूढ झालेल्या संज्ञा निर्दोष आहेत काय? ‘विमुक्त’ हे कर्मणि धातुसाधित सुटकेसह बंधनही स्मरते. ‘तृतीयपंथी’ हे पद दोघांना आधी मोजून घेते. दोन्हींत प्रमाण परक्याचे आहे. अनेकांनी या संज्ञा अभिमानाने स्वीकारल्या आहेत, हे खरे. तथापि तो स्वीकार त्यांचा, आपला नव्हे. लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. संज्ञा योजण्यापूर्वी त्या समाजास विचारणे, हे अभ्यासकाचे सौजन्य नसून शास्त्रीय कर्तव्य होय.