माहेर, सासर आणि सिंहासन

सत्तेच्या उदयाची कथा बहुधा जिंकणाऱ्याच्या मागे धावते. सोनी मराठी वाहिनीवर २०१९ साली सुरू झालेल्या 'स्वराज्यजननी जिजामाता' या मालिकेने मात्र ती बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे, लखुजीराव जाधवांच्या वाड्यातील एका कन्येपाशी आणली. ही निवड आम्हांस मोलाची वाटते. दूरदर्शनवरील 'भारत एक खोज' (१९८८) या मालिकेच्या ५३ भागांपैकी शिवाजी महाराजांच्या वाट्याला दोनच भाग आले होते. तेथे जिजाऊंचे दुःख ऐकण्यास सवड नव्हती. दैनंदिन मालिकेस ती भरपूर होती.

ते दुःख साधे नव्हते. निजामशाहीत खंडागळे यांच्या हत्तीवरून पेटलेल्या भांडणात लखुजीरावांचे पुत्र दत्ताजी आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी हे दोघेही मारले गेले. एक माहेरचा, एक सासरचा. दोघांसाठीही रडावे लागले ते जिजाऊंनाच. पुढे १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजीराव आपल्या पुत्रांसह व नातवासह ठार झाले.

पाली परंपरेस हे दुःख अपरिचित नाही. कोसलराज प्रसेनजिताची बहीण मगधराज बिंबिसाराची राणी होती. पुत्र अजातशत्रूने पित्याचा अंत केला, तेव्हा ती शोकाने गेली, असे अट्ठकथा सांगतात. त्यानंतर तिला आंदण मिळालेल्या काशीच्या गावावरून मामा-भाचे लढले. संयुत्तनिकायातील कोसलसंयुत्तात तथागतांनी या युद्धाकडे पाहिले ते कोण जिंकले हे मोजण्यासाठी नव्हे. जय वैराला जन्म देतो आणि पराजित दुःखात झोपतो, हा त्यांच्या उद्गारांचा आशय आहे. राणीच्या मुखी मात्र परंपरेने फारसे शब्द ठेवलेले नाहीत.

प्रस्तुत मालिकेने अशाच एका स्त्रीला वाणी दिली, हा तिचा गुण होय. आमचा आक्षेप आहे तो निराळा. 'स्वराज्यजननी' या नावातच कथेचा शेवट आधी ठरून गेला आहे. त्यामुळे प्रत्येक मृत्यू पुढील ध्येयाची पायरी ठरतो. तो निव्वळ मृत्यू म्हणून क्षणभरही उरत नाही. भावाच्या वा पित्याच्या मरणाने जिजाऊंना काय शिकविले, हे प्रेक्षकास कळते. त्या मरणाने त्यांच्यापासून काय हिरावले, हे कळण्याआधीच कथानक पुढे सरकते. स्वराज्याचे थोरपण यामुळे वाढत नाही. त्यासाठी मोजलेली किंमत झाकली, की उलट ते स्वस्त दिसू लागते.

दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेड राजा येथे मोठा जनसमुदाय लोटतो. त्याच गावी लखुजीरावांची भव्य दगडी समाधी उभी आहे. जन्मस्थळी वंदन करून आलेल्या वाचकाने तेथेही घटकाभर थांबावे, एवढेच आमचे सांगणे. मालिकेतून जे निसटले, ते त्या दगडांपाशी अजून शिल्लक आहे.