रुग्णालयाने ‘पद्धत स्वीकारली’ म्हणजे नेमकं काय केलं?

हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, एमपीएच, नर्सिंग किंवा आपत्ती व्यवस्थापन शिकून पीएचडीकडे वळणाऱ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास भेटतो: ‘अमुक जिल्ह्यातील रुग्णालयांची आपत्कालीन सज्जता’. पद्धतही बहुतेक ठरलेली. एक प्रश्नावली घ्यायची. लिखित आराखडा आहे का? समिती आहे का? आणीबाणीत सूत्रं कोणाकडे जातील हे ठरलंय का? मॉक ड्रिल वर्षातून किती वेळा होते? ‘हो’ला १, ‘नाही’ला ०. बेरीज, टक्केवारी, आणि शेवटी ‘प्रशिक्षणाची गरज आहे’ हा निष्कर्ष.

आजची पोस्ट या प्रकारच्या अभ्यासावर टीका करण्यासाठी आहे. असे अभ्यास खोटे असतात असं मला म्हणायचं नाही. अडचण वेगळी आहे. त्यांच्यात एका गोष्टीचं मोजमाप होतं आणि निष्कर्ष दुसऱ्याच गोष्टीबद्दल काढला जातो. रुग्णालयाने एखादी पद्धत स्वीकारली आहे का, हे मोजलं जातं. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की आग लागली, वीज गेली, ऑक्सिजन थांबला तर तिथले रुग्ण वाचतील का, याचं उत्तर मिळालं. या दोन प्रश्नांमधलं अंतर किती मोठं आहे, ते आधी पाहू. सिनॉप्सिसमध्ये काय बदलता येईल, ते त्यानंतर.

ही पद्धत आली कुठून?

रुग्णालयांना आज जी प्रमाणित पद्धत सुचवली जाते, तिचं मूळ रुग्णालयात नाही, जंगलात आहे. १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात १३ दिवस वणवे पेटले होते. १६ माणसं गेली, सुमारे ७०० इमारती जळाल्या, पाच लाख एकरांहून जास्त जमीन होरपळली. अग्निशमन दलं कमी पडली नव्हती, पण त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. प्रत्येकाची रेडिओ फ्रिक्वेन्सी वेगळी, शब्द वेगळे, कोणी कोणाचं ऐकायचं हेही ठरलेलं नाही. यातून ‘फायरस्कोप’ नावाचा प्रकल्प उभा राहिला आणि त्यातून ‘इन्सिडेंट कमांड सिस्टिम’, म्हणजे आयसीएस.

तिचा गाभा सोपा आहे. सूत्रं एका इन्सिडेंट कमांडरच्या हाती. त्याच्या खाली चार विभाग: प्रत्यक्ष काम, नियोजन, साधनपुरवठा आणि वित्त-प्रशासन. एका माणसाच्या हाताखाली साधारण तीन ते सात माणसं. सगळ्यांची परिभाषा एक. आणि महत्त्वाचं म्हणजे, जबाबदारी पदाला चिकटलेली असते, व्यक्तीला नाही. जो हजर असेल तो पद घेतो, वरिष्ठ आला की सोपवतो.

१९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच ऑरेंज काउंटीत ही रचना रुग्णालयांसाठी बेतली गेली. २००६ मध्ये तिची सुधारित आवृत्ती ‘हॉस्पिटल इन्सिडेंट कमांड सिस्टिम’ (एचआयसीएस) या नावाने आली आणि २०१४ मध्ये पाचवी आवृत्ती निघाली. प्रत्येक पदासाठी एक कामपत्रिका असते: पहिल्या दोन तासांत काय करायचं, नंतर काय, कोणाला कळवायचं. पहाटे तीन वाजता गोंधळलेल्या माणसाच्या हातात असा कागद असणं ही काही छोटी गोष्ट नाही. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची टीका वाचून ‘ही पद्धत निरुपयोगी आहे’ असा समज व्हायला नको.

प्रसार आणि पुरावा

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत चित्र बदललं. २००३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशानंतर २००४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरची घटना-व्यवस्थापन प्रणाली आली, आयसीएस तिचा कणा ठरली, आणि सज्जतेसाठी मिळणारं केंद्रीय अनुदान ती स्वीकारण्याशी जोडलं गेलं. रुग्णालयांसाठीही काय काय केलं म्हणजे ‘स्वीकारली’ म्हणायचं, याच्या याद्या निघाल्या.

इथे एक क्षण थांबा. अनुदान जेव्हा ‘स्वीकारण्या’शी जोडलं जातं, तेव्हा संस्था स्वीकारतातच. समाजशास्त्रात हे फार आधी सांगून झालंय. मेयर आणि रोवन यांचा १९७७ चा लेख संस्थांच्या औपचारिक रचनेबद्दल आहे. त्याचं सार असं: संस्था एखादी रचना उचलतात ती नेहमी कामासाठीच असते असं नाही, मान्यतेसाठीही असते, आणि मग कागदावरची रचना आणि रोजचं काम एकमेकांपासून सुटं होतं. १९८३ मध्ये डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी दाखवलं की कायद्याच्या दबावाने, एकमेकांचं पाहून आणि व्यावसायिक शिक्षणातून संस्था एकसारख्या होत जातात, त्या जास्त कार्यक्षम झाल्या नाहीत तरीही. तुमच्या विषयात संस्थात्मक सिद्धांत नसेल तर निदान हे दोन लेख वाचाच.

मग पद्धत चालते याचा पुरावा काय? बिगली आणि रॉबर्ट्स यांनी २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या अग्निशमन संघटनेचा अभ्यास केला. आयसीएस तिथे उत्तम चालत होती, पण चालण्याचं कारण तक्ता नव्हतं. गरजेप्रमाणे रचना वाढवणं-आवरणं, ठरलेल्या मर्यादेत स्वतःच्या अकलेने काम करण्याची मुभा, आणि परिस्थितीचं एकच चित्र सगळ्यांच्या डोक्यात ताजं ठेवणं, ही ती कारणं. म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र काम केलेल्या माणसांची सवय.

दुसरी बाजूही आहे. वेंगर, क्वारंटेली आणि डाइन्स या आपत्ती-समाजशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच, ही पद्धत सर्व ऋतूंत चालेल का, असा प्रश्न शीर्षकातूनच विचारला होता. २००६ मध्ये बक, ट्रेनर आणि अगिरे यांनी नऊ आपत्तींमधल्या शोध-बचाव पथकांच्या कामाचं विश्लेषण केलं. ही पद्धत अंशतःच उत्तर आहे, असा त्यांचा निष्कर्ष. ती वापरणारे लोक आधीपासून एका समुदायाचे असतील, काम त्यांच्या नेहमीच्या परिचयाचं असेल, आणि ऐनवेळी नवे गट, नव्या भूमिका फारशा उगवत नसतील, तेव्हा ती सर्वांत चांगली चालते.

आता या तीन अटी रुग्णालयाला लावून बघा. मिंट्झबर्गच्या वर्गीकरणात रुग्णालय ही ‘व्यावसायिक नोकरशाही’ आहे. सर्जनला कोणी हुकूम देत नाही. व्हिजिटिंग कन्सल्टंट दिवसातून दोन तास असतो. नर्सिंगची साखळी वेगळी, प्रशासनाची वेगळी, निवासी डॉक्टरांची वेगळी. आणि आपत्तीत नातेवाईक, स्वयंसेवक, पोलीस, पत्रकार असे सगळेच आत येतात. अग्निशमन दलाचं यश इथे आपोआप येईल असं धरून चालता येत नाही. ते तपासावं लागतं.

रुग्णालयातला एक चांगला अनुभव तैवानचा आहे. २००३ च्या सार्स साथीत तिथल्या एका रुग्णालयाने ही पद्धत राबवली, आणि २००५ मध्ये त्साई व सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलं. पद्धत उपयोगी पडली, पण जशीच्या तशी नाही. संसर्ग-नियंत्रणासाठी तिच्यात वेगळं पद तयार करावं लागलं. लेख मोलाचा आहे, मात्र तो एकाच रुग्णालयाचा आहे आणि तुलनेला दुसरं रुग्णालय नाही. त्याच्या आधारे ‘एचआयसीएस प्रभावी ठरली आहे’ असं एका ओळीत लिहून पुढे जाणं, हा साहित्य-आढाव्यातला आळस झाला.

तक्त्याबाहेरची माणसं

न्यू ऑर्लिन्सचं मेमोरियल मेडिकल सेंटर हे प्रकरण या विषयावर काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं. शेरी फिंक यांचं ‘फाइव्ह डेज ॲट मेमोरियल’ हे २०१३ चं पुस्तक त्यावरच आहे. २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना वादळ धडकलं. इमारतीत दोनशेहून जास्त रुग्ण आणि एकूण सुमारे २००० माणसं होती. पुराचं पाणी चढलं, ३१ तारखेच्या पहाटे जनरेटर बंद पडले. सगळे बाहेर निघाल्यावर इमारतीत ४५ मृतदेह सापडले.

मेमोरियलकडे आपत्कालीन आराखडा होता. आणीबाणीची सूत्रं सांभाळणारी व्यक्ती नेमलेली होती. प्रश्नावलीत दोन्ही ठिकाणी ‘हो’, म्हणजे गुण मिळाले असते. पण वीज पूर्ण गेली तर काय आणि रस्ते पाण्याखाली असताना रुग्ण बाहेर काढायचे कसे, याचं मार्गदर्शन त्या आराखड्यात नव्हतं.

दुसरी बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच इमारतीचा सातवा मजला ‘लाइफकेअर’ नावाच्या वेगळ्या संस्थेने भाड्याने घेतला होता. तिथे अतिशय आजारी, दीर्घकाळ उपचार लागणारे ५२ रुग्ण होते. इमारत एक, संस्था दोन, आणि मालक कंपन्याही दोन. कोणाला आधी हलवायचं, हेलिकॉप्टर कोणाच्या रुग्णांसाठी, हे प्रश्न या सीमारेषेवर येऊन अडले. मृतांमध्ये लाइफकेअरचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. एका रुग्णालयाच्या तक्त्यात एका रुग्णालयाची माणसं असतात. सातव्या मजल्यासाठी त्यात चौकट कुठे?

एका प्रकरणावरून पद्धत नापास ठरत नाही, हे खरं. पण प्रश्नावलीतून काय निसटतं ते मात्र दिसतं.

आपल्याकडे हा प्रश्न लागू होतो का? होतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये आयसीएसवर आधारलेली ‘इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम’ आणली आणि २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० बाळं दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण गेले. आपल्या रुग्णालयांत सुरक्षारक्षक, सफाई कामगार, वीज आणि ऑक्सिजनची देखभाल हे बऱ्याचदा कंत्राटावर असतं. गळती सुरू झाली की पहिला हात ज्याचा लागणार, तो माणूस तक्त्यात आहे का? त्याला कामपत्रिका मिळाली आहे का, आणि ती त्याला वाचता येणाऱ्या भाषेत आहे का? असे प्रश्न प्रश्नावलीत क्वचितच असतात.

मग सिनॉप्सिसमध्ये काय बदलायचं?

एक: ‘स्वीकार’ हा एक चल धरू नका, निदान तीन करा. कागदावरचा स्वीकार, म्हणजे आराखडा, समिती, आदेश. अंगवळणी पडलेला स्वीकार, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला स्वतःचं पद न बघता सांगता येतं का. आणि प्रत्यक्ष वापर, म्हणजे मागच्या खऱ्या घटनेत पद्धत सुरू केली होती का, कोणी, किती मिनिटांनी. तिन्हींची बेरीज करू नका. त्यांच्यातली तफावत हाच तुमचा निष्कर्ष असू शकतो.

दोन: प्रश्नावली अधीक्षकांकडून भरून घेऊन थांबू नका. अधीक्षक कागदाबद्दल सांगतील, आणि प्रामाणिकपणे सांगतील. तेच प्रश्न लिफ्टमनला, ऑक्सिजन बघणाऱ्याला, रात्रीच्या निवासी डॉक्टरला विचारा.

तीन: मोठ्या आपत्तीची वाट बघू नका. ती दुर्मिळ असते आणि तिच्यावरून तुलना जमत नाही. पण लाइट जाणं, लिफ्टमध्ये रुग्ण अडकणं, एकदम आठ-दहा अपघातग्रस्त येणं, वॉर्डात पाणी शिरणं हे होतच असतं. या छोट्या घटनांत कोणी निर्णय घेतला आणि तो कोणी मानला, याची नोंद करा. बक आणि सहकाऱ्यांची ‘नेहमीच्या परिचयाचं काम’ ही अट तुम्हाला इथेच तपासता येईल.

चार: ड्रिलला गुण देताना ती आधी जाहीर केली होती का, दिवसा झाली की रात्री, आणि त्यानंतर आराखड्यात एक तरी ओळ बदलली का, हे विचारा. ली क्लार्क यांनी १९९९ च्या ‘मिशन इम्प्रॉबेबल’ या पुस्तकात अशा आराखड्यांना ‘कल्पनारम्य दस्तऐवज’ म्हटलंय. तो वापरासाठी नसतो, आपण तयार आहोत हे इतरांना पटवण्यासाठी असतो. कोणत्याही ड्रिलनंतर ज्यात काहीच बदलत नाही, तो दस्तऐवज या प्रकारात मोडतो की काय, हे विचारण्याचा हक्क संशोधकाला आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल: रुग्णालयं इतकं आत शिरू देत नाहीत, तीन वर्षांत हे होणार कसं? खरं आहे. म्हणून साठ रुग्णालयांऐवजी चार घ्या. तुमचे मार्गदर्शक नमुना लहान आहे म्हणतील. तेव्हा त्यांना सांगा, साठ अधीक्षकांच्या ‘हो’मधून आपल्याला साठ कागदांची माहिती मिळते. चार रुग्णालयांच्या चार रात्रपाळ्यांमधून, घंटा वाजल्यावर कोण कोणाकडे बघतं ते कळतं.

तुमचा विषय या धर्तीवर असेल तर प्रश्नावलीचा मसुदा कमेंटमध्ये टाका. पुढच्या पोस्टमध्ये त्यातले दोन-तीन घेऊन एकेक प्रश्न दुरुस्त करून बघू.