सुटींतील शिकार आणि एक टिपण

डॉ. सलीम अली यांचें ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हें इंग्रजी आत्मचरित्र १९८५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांतील बालपणाचा भाग आम्हीं साधनग्रंथाच्या दृष्टीनें तपासला. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरीं वाढलेल्या या मुलाच्या सुट्या त्या वेळच्या रानवट चेंबुरास जात. हातीं छर्‍याची बंदूक असे. वर्णन मनोहर आहे, परंतु तें पाऊणशें वर्षांनीं आठवून लिहिलेलें होय.

याहून बळकट प्रमाण म्हणजे १९०६-०७ मधील चिमण्यांचें टिपण. घरट्यावर पहारा करणारा नर मारला कीं मादीजवळ दुसरा येई. सात दिवसांत आठ नर पडले. मुलानें तें नेमबाजीच्या अभिमानानें लिहिलें. पुढें पक्षिवर्तनाचा पुरावा म्हणून त्यास मोल आलें, हें ग्रंथकारानेंच प्रांजळपणें सांगितलें आहे. आठवणींच्या ओघांत असलें समकालीन टिपण झांकून जातें, हा आमच्या मतें ग्रंथाचा दोष.

१९३० च्या पावसाळ्यांत अलिबागजवळील किहीम येथें त्यांनीं केलेला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यासही प्रत्यक्ष पाहून टिपलेल्या नोंदींवरच उभा आहे. म्हणून त्याच जिल्ह्यांतील पेण, निडी, रोहें या बाजूस दप्तरें शोधणार्‍या संग्राहकांनीं मोडी कागदांबरोबर मुलांच्या सुटींतील वह्याही, त्या रद्दींत जाण्यापूर्वीं, मागून घ्याव्या.