स्पर्धा, शिष्यवृत्ती आणि प्रवेश : महात्मा फुले यांच्या १८८२ च्या निवेदनाच्या प्रकाशात एक चिकित्सा

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनाचा विचार प्रामुख्याने प्राथमिक शिक्षणाच्या संदर्भात होत आला आहे. शेतकऱ्यांच्या श्रमातून उभा राहणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांची मुले अक्षरओळखीलाही मुकतात, हा त्या निवेदनाचा गाभा आहे. त्यामुळे असे होणे स्वाभाविकच होय. तथापि त्याच निवेदनात शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा या दोन विषयांवर मोजक्या शब्दांत आलेली मते तितकीच मूलगामी आहेत. माध्यमिक शाळेतून महाविद्यालयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आज जी शिष्यवृत्ती व प्रवेश परीक्षांची व्यवस्था उभी आहे, तिची चिकित्सा या मतांच्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

निवेदनातील दोन सूत्रे

पहिले सूत्र शिष्यवृत्तीविषयी आहे. स्पर्धेतून शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य असली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही, असे जोतीरावांचे निरीक्षण होते. म्हणून ज्या वर्गांत शिक्षणाची प्रगती झालेली नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असे त्यांनी सुचविले. दुसरे सूत्र प्रवेश परीक्षेविषयी आहे. मुंबई विद्यापीठ खाजगीरीत्या अभ्यास करणाऱ्यांना प्रवेश परीक्षेस बसू देते, याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले आणि ही सवलत पदवी परीक्षांनाही लागू व्हावी अशी अपेक्षा नोंदविली.

वरवर पाहता ही दोन स्वतंत्र मते आहेत. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : परीक्षा सर्वांना समान असली, तरी परीक्षेपर्यंत पोहोचण्याची वाट समान आहे काय? पहिल्या सूत्रात वाट खडतर असणाऱ्यास वेगळा हात देण्याची मागणी आहे, तर दुसऱ्यात ज्याला शाळेची वाटच मिळाली नाही त्याला थेट दारापर्यंत येऊ देण्याची. आजच्या योजनांचे मूल्यमापन याच निकषावर व्हावयास हवे.

गुणवत्तेचा शोध : दोन योजना, दोन दृष्टी

राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये सुरू झाली. तिला पालकांच्या उत्पन्नाची अट नव्हती. राखीव जागांची तरतूद पुढे झाली असली, तरी योजनेची मूळ दृष्टी प्रज्ञावंत हेरण्याची होती, वंचित हेरण्याची नव्हती. या परीक्षेने अनेक पिढ्यांना अभ्यासाची प्रेरणा दिली, हे नाकारता येणार नाही. परंतु पुरस्काराचे स्वरूप आणि साहाय्याचे स्वरूप यांतील फरक या योजनेने कधी स्पष्ट केला नाही. २०२१ नंतर ती स्थगित झाली. विज्ञान शाखेसाठी १९९९ पासून चाललेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनाही २०२२ मध्ये स्वतंत्र योजना म्हणून संपली.

याउलट २००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना जोतीरावांच्या सूचनेच्या बरीच जवळ जाते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी ही परीक्षा असून पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वार्षिक साडेतीन लाख रुपये आहे. देशभरात १ लाख आणि महाराष्ट्रासाठी ११,६८२ असा शिष्यवृत्तींचा कोटा आहे. बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता अशा प्रत्येकी ९० गुणांच्या दोन चाचण्यांतून निवड होते. येथे स्पर्धा आहे, परंतु ती समान परिस्थितीतील मुलांमधील स्पर्धा आहे. हे या योजनेचे खरे बळ होय.

अकरावी-बारावीची पोकळी

मात्र ही योजना ज्या टप्प्यावर कसोटीला लागते, तेथेच ती अपुरी पडते. शिष्यवृत्ती नववी ते बारावी मिळते. २०१७ पासून तिचा दर दरमहा १,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे मिळून ४८,००० रुपये आहे. नववी-दहावीत ही रक्कम वह्या-पुस्तके, गणवेश व प्रवासास उपयोगी पडते. अकरावीत मात्र विद्यार्थ्यासमोरील खर्चाचे स्वरूपच पालटते. एमएचटी-सीईटी, जेईई वा नीट यांची तयारी कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गाबाहेर, शुल्क आकारणाऱ्या खाजगी शिकवणीत होते, हे आता गृहीत धरले जाते. त्या शुल्कापुढे दरमहा हजार रुपये कोठेच टिकत नाहीत. शिवाय आठवीची परीक्षा मराठीतून दिलेल्या विद्यार्थ्यास अकरावी विज्ञानात बहुधा इंग्रजीला सामोरे जावे लागते, ते वेगळेच.

या स्थितीची जाणीव शासनाला नाही असे नाही. विज्ञान शाखेचे विद्यार्थी महाविद्यालयात नाममात्र प्रवेश घेऊन दिवसभर शिकवणीत बसतात, म्हणून महाराष्ट्रात २०१८ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करण्यात आली. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी केंद्रांत प्रवेश देऊ नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली. दुसरीकडे ‘महाज्योती’सारखी शासकीय संस्था दहावी उत्तीर्ण इतर मागासवर्गीय व भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांना टॅब व इंटरनेट डेटा देऊन याच परीक्षांचे ऑनलाईन प्रशिक्षण देते. एका हाताने शिकवणीला आवर घालावयाचा आणि दुसऱ्या हाताने तिचीच प्रतिकृती पुरवावयाची, हा विरोधाभास व्यवस्थेच्या संभ्रमाचा निदर्शक आहे. जोतीरावांना अभिप्रेत असलेल्या ‘खाजगी अभ्यासा’त शाळेबाहेरच्या गरीब मुलाचा स्वाध्याय होता. आज ‘खाजगी’ या शब्दाला नेमका उलट अर्थ प्राप्त झाला आहे.

बारावीनंतर मापदंडांचाही मेळ राहत नाही. केंद्र शासनाची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती मंडळ परीक्षेत ८० पर्सेंटाइलच्या वर असणाऱ्यांना मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश मात्र प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरतो. म्हणजे ज्याला प्रवेशही हवा आणि शिष्यवृत्तीही हवी, त्या गरीब विद्यार्थ्याने दोन स्वतंत्र परीक्षांत अव्वल असावे, अशी अपेक्षा आहे. शुल्क स्वतः भरू शकणाऱ्यास एकच परीक्षा पुरते.

परीक्षेच्या बाजूने

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रवेश परीक्षा नसती तर देणगी, वशिला आणि शाळाशाळांतील गुणदानातील तफावत यांचेच राज्य झाले असते. हा आक्षेप खरा आहे. उत्तरपत्रिकेवर आडनाव नसते, ही गोष्ट आपल्या समाजात लहान नाही. परीक्षेविना मिळालेल्या शिष्यवृत्तीचे सर्वांत तेजस्वी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. केळुसकर गुरुजींनी त्यांना सयाजीराव महाराजांकडे नेले आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा २५ रुपये मंजूर झाले. परंतु प्रत्येक हुशार मुलाला केळुसकर भेटत नाहीत आणि प्रत्येक दाता सयाजीराव नसतो. व्यक्तीच्या औदार्यावर व्यवस्था उभी करता येत नाही.

म्हणूनच जोतीरावांची मांडणी आजही मोलाची वाटते. त्यांनी स्पर्धा अन्याय्य आहे असे म्हटले नाही. ती न्याय्य असूनही अपुरी आहे, असे म्हटले. परीक्षा रद्द करणे हा या अपुरेपणावरचा उपाय नव्हे. स्पर्धा कोणाकोणांत व्हावी, हे विचारपूर्वक ठरविणे हा उपाय आहे. या संदर्भात तमिळनाडूचे उदाहरण लक्षणीय आहे. नीटमुळे शासकीय शाळांतील मुले वैद्यकीय प्रवेशातून मागे पडत असल्याचे दिसल्यावर त्या राज्याने २०२० मध्ये सहावी ते बारावी शासकीय शाळांत शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी ७.५ टक्के जागा राखल्या. परीक्षा तीच राहिली, परंतु तुलना समान वाटेने आलेल्यांत झाली. महाराष्ट्रात अनुदानित व जिल्हा परिषद शाळांतील विद्यार्थ्यांबाबत असा विचार होणे अगत्याचे आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, आठवीत निवडलेल्या आर्थिक दुर्बल विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती बारावीला न तुटता पदवीपर्यंत आपोआप चालू राहावी. एकदा सिद्ध झालेली गुणवत्ता आणि गरज त्याने पुनःपुन्हा सिद्ध का करावी? दोन, अकरावी-बारावीतील रक्कम त्या टप्प्यावरील प्रत्यक्ष खर्चाशी जोडली जावी. तीन, प्रवेश परीक्षेची तयारी हे कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गातीलच काम मानले जावे.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी शासनाच्या हाती आहेत, तिसरी मात्र आपल्या. विद्यार्थी वर्गात येत नाहीत अशी तक्रार आपण अध्यापक नेहमी करतो. परंतु जो शिकवणीचे शुल्क भरू शकत नाही, तो विद्यार्थी वर्गात येतच असतो. त्याला दुसरा पर्याय नसतो. रिकाम्या बाकांकडे पाहून शिकविण्याचा उत्साह आपण गमावला, तर त्याचा भुर्दंड नेमका त्यालाच पडतो. १८८२ साली जोतीरावांनी विचारलेल्या प्रश्नाचे निदान आपल्या वाट्याचे उत्तर त्या बाकावर बसलेल्या चार-दोन मुलांपासून सुरू होते.